दोन चॅनेल पुरे

२ नोव्हेंबर, रविवार

पुढेमागे इतिहासात वाद नको म्हणून नोंदवून ठेवतो : आज संध्याकाळी आमच्या हॉलमधल्या पंचावन्न इंची टीव्हीने माझ्यावर अन्याय केला.

पिक्चर खुनाचा. इन्स्पेक्टर दोन तास सगळ्यांच्या घरी चहा पितो आणि शेवटी खुन्याचं नाव सांगतो ते नेमकं पुटपुटून. मंजुश्री (पत्नी) "मला वाटलंच होतं" म्हणून उठून भात लावायला गेली. मला काहीच वाटलेलं नव्हतं. खुनी कोण हे मला अजून माहीत नाही. बायकोला विचारणं शक्य आहे, पण काही गोष्टींपेक्षा अज्ञान बरं.

हल्लीच्या नटांना ओठ हलवायचे वेगळे पैसे मिळत नसावेत. जुने नट शेवटच्या रांगेतल्या शेंगदाणेवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने प्रेम करायचे. आता सगळे कुजबुजतात. टीव्हीवर आवाज बेचाळीस होता. मंजुश्री म्हणाली, आपल्याला नाही कळला तरी गल्लीला कळला खुनी.

तिला सांगितलं, आवाज मोठा असणं आणि आवाज स्पष्ट असणं यात फरक आहे. हे मी बोललो म्हणजे शास्त्र बोललं. बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतोय, 'ध्वनी' हा धडा लातुरात माझा समजला जातो.

निदान : टीव्हीचे स्पीकर पाठीमागे असतात, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे पैसे आपण दिले आणि ऐकते भिंत.

उपाय : ऑडिओ-व्हिडिओ रिसिव्हर. सहाव्या वेतन आयोगाच्या फरकातून घेतलेले दोन उभे स्पीकर हॉलमध्ये आहेतच. सध्या एकावर मनीप्लांट आहे, दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे. रिसिव्हर आला की दोघेही नोकरीवर परत.

संकल्प : येत्या रविवारपर्यंत रिसिव्हर घरात. तेवीसला उदगीरचे लोक बैठकीला येणार आहेत. ऋतुजाने (कन्या, पुण्यात औषध कंपनीत) मुलगा स्वतःच पाहिला, शिवम नाव. आमच्याकडे फक्त चहा ठेवायचं काम. दोन्हीकडून होकार झाल्यात जमा. पण हॉलची छाप पडली पाहिजे.

५ नोव्हेंबर

अभ्यास सुरू. यूट्यूबवर एक माणूस छान समजावतो, पण तोही पुटपुटतो. खालची अक्षरं वाचून घेतली.

पाच पॉइंट एक म्हणजे पाच स्पीकर आणि एक धुमधुम डबा. सात पॉइंट दोन म्हणजे सात स्पीकर, दोन डबे. पॉइंट म्हणजे दशांश चिन्ह नव्हे, हे कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. स्टाफरूममधला गणिताचा माणूस यात जन्माचा अडकला असता.

मंजुश्रीने विचारलं, रिसिव्हर म्हणजे फोनचा का? तिला शांतपणे सांगितलं. रिसिव्हर सगळे सिग्नल घेतो, वेगळे करतो, वाढवतो आणि ज्याला जे ऐकायचं ते त्याच्यापर्यंत पोचवतो. ती म्हणाली, म्हणजे जे काम कान करतात तेच.

सोडून दिलं. ती बी.ए. आहे.

८ नोव्हेंबर

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने फळ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. 'ध्वनी' चालू होता, म्हणजे प्रश्न डॉप्लरचाच. रेल्वे इंजिन, शिट्टी, मुदखेड जंक्शनला लहानपणी रुळाशेजारी उभा असलेला मी, सगळं आलं. वर्ग हसला. माझ्या डॉप्लरमध्ये विनोद पहिल्यापासून आहे.

मुलं मात्र शब्द गिळून बोलायला लागलीत. मोबाईलचे परिणाम.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

रिसिव्हर आलेला नाही. घाई केली नाही, इतकंच.

मंजुश्री स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. मी "हाव" म्हणालो. आमच्या नांदेड भागात "हाव" म्हणजे हो, आणि ते पूर्ण उत्तर आहे. सव्वीस वर्षांचा संसार त्यावर उभा आहे.

त्याच दिवशी, जरा वेळाने

वाक्य असं होतं : मी खाली भाजीला जाते, दुधावर लक्ष ठेवाल का?

ओटा पुसून काढला.

१६ नोव्हेंबर, रविवार

नांदेडला जाऊन आलो. लातुरातल्या दुकानात सगळे साउंडबार गळ्यात मारायला बघतात. साउंडबार म्हणजे टीव्हीच्या पायाशी आडवा झोपलेला माणूस. माझा त्याला विरोध आहे.

नांदेडला रविकिरण (मेहुणा) असतो. त्याच्या ओळखीच्या दुकानात काळ्या काचेची खोली, सोफा, दोन रिसिव्हर. दुकानदाराने पहिला लावला, मग दुसरा. गाणं तेच. मंजुश्री डोळे मिटून बसली आणि म्हणाली, मागं रातकिडे किती छान वाजून राहिलेत. मी म्हणालो, रातकिडे नाहीत यात. दुकानदाराने रविकिरणकडे बघितलं. रविकिरणने छताकडे बघितलं.

निष्कर्ष : महागड्या मशीन गाण्यात नसलेले किडे घालतात आणि बायकांना ते आवडतात.

माझा कौल दुसऱ्याला. म्हणालो, याच्यात दम आहे, पहिला जरा कोरडा आहे, मधल्या सुरात खरखर आहे. पाच मिनिटं बोललो. सोफ्यावरची दोन गिऱ्हाइकंही ऐकत होती. दुकानदार शेवटी हळू आवाजात काही म्हणाला. कौतुक असावं. मी मान हलवून "हाव" म्हणालो.

गाडीत बसल्यावर रविकिरण म्हणाला, दाजी, तो काय म्हणला कळलं का? दुसऱ्याची वायर निघालेली व्हती म्हणे. दोन्ही वेळेस पहिलाच वाजला. आन तुम्ही त्याला हाव म्हणून आलात.

यावर मी जे म्हणालो ते लिहून ठेवण्यासारखं आहे : दोन वेगळ्या वस्तूंतला फरक कोणीही ओळखेल. एकाच वस्तूतला ओळखायला कान लागतो.

रविकिरण मग लातूर फाट्यापर्यंत काही बोलला नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. जुन्या गाड्यांना इंजिनचा आवाज फार.

२० नोव्हेंबर

तीन रिसिव्हर निश्चित केले आहेत. तिघांतून एक निवडायचा बाकी आहे, म्हणजे काम जवळजवळ झालंच.

तेवीसला हॉल रिसिव्हरशिवाय दाखवायचा, असं ठरवलं. साधेपणा. उदगीरचे लोक साधे आहेत, त्यांना दबकायला होईल. संगमेशअप्पा (शिवमचे वडील, भांड्यांचं दुकान) समाजाच्या वधूवर मेळाव्यात माइकवर बोलले होते म्हणे. त्या मेळाव्याला मीही होतो. टाळ्या वाजवल्या. काय बोलले ते माइक खराब असल्यामुळे समजलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. पाहुणे गेल्यावर

बैठक उत्तम.

शिवम, त्याचे आईवडील आणि आजी. आजींचं नाव रत्नम्मा. वय ऐंशीच्या पुढे, कपाळाला विभूती, नजर सोनाराची. कानातून एक काळी वायर निघून पदरात गेलेली. मोबाईलवर भजनं ऐकत असाव्यात. या वयात हौस चांगली.

त्यांच्या घरात कन्नड चालतं. मंजुश्रीचं माहेर निलंग्याकडचं, त्यामुळे मला अडचण नाही. मला कन्नड बोलता येत नाही पण समजतं सगळं. समजायला भाषा लागत नाही, लक्ष लागतं.

रत्नम्मा माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग जरा पुढे सरकून त्यांनी काहीतरी विचारलं. मधेच "केळ" स्पष्ट ऐकू आलं, शेवटी "देन" की असं काही. फळांचं ताट माझ्याच बाजूला होतं. त्यातलं सगळ्यात चांगलं केळं निवडून त्यांच्या हातात दिलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि शांतपणे सोलून खाल्लं. पहिल्या भेटीत एवढी जवळीक मी तरी पाहिली नाही.

मग देण्याघेण्याचा विषय. संगमेशअप्पा बोलले, रत्नम्मांनी हात हलवून पुस्ती जोडली. शेवटचा शब्द "ब्याड". म्हाताऱ्या माणसांना इंग्रजी शब्द जमत नाहीत, बेडला ब्याड म्हणाल्या. मी दुरुस्त केलं नाही. संस्कार. मनात म्हटलं, फक्त बेड? आजकाल कोण एवढ्यावर भागवतं! लगेच शब्द दिला : अव्वा, सागवानी देतो. सहा बाय साडेसहा, खाली सामान ठेवायला कप्पे.

रत्नम्मा मोठ्याने म्हणाल्या, ब्याड, ब्याड!

मी म्हणालो, दोन देतो.

संगमेशअप्पांनी कप खाली ठेवला. मोठी माणसं भारावली की गप्प होतात. थोड्या वेळाने सगळे उठले. अप्पांनी नमस्कार केला तो दारातूनच, चप्पल घालता घालता.

जेवणानंतर

मंजुश्री माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि सांगितलं. एवढ्या मोठ्याने सांगायची गरज नव्हती.

कन्नडमध्ये "एनू ब्याड" म्हणजे काही नको. "ब्याड, ब्याड" म्हणजे नको, नको.

मेळाव्यात संगमेशअप्पांनी माइकवर शपथ घेतली होती : मुलाच्या लग्नात सुतळीचा तोडा घेणार नाही. आणि मी त्यांना त्यांच्याच आईसमोर दोन पलंग लावले. मंजुश्री म्हणाली, नको म्हणलं की तुम्ही भाव वाढवला. बैलबाजारात करतात तसं.

मी विचारलं, आणि केळं? ते तर त्यांनी मागितलं होतं.

त्यावर ती उठून गेली.

२६ नोव्हेंबर

उदगीरहून फोन नाही. संगमेशअप्पांचा मंजुश्रीला मेसेज : जरा थांबू.

ऋतुजाचा फोन आला होता. अर्धं बोलणं कळलं, पुण्याची रेंज खराब. उरलेल्या अर्ध्यात ती रडत होती, असं मंजुश्री म्हणाली.

मी या प्रकरणाचा शास्त्रीय विचार केला. चूक हॉलची आहे. खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपी, तीन बाजूंनी भिंती. आवाज एकदा तोंडातून निघाला की चारदा आपटून येतो. अशा हॉलमध्ये "नको"चं "दोन" होणारच. पाच टक्के कन्नड, पंचाण्णव टक्के पीओपी.

रिसिव्हरमध्ये आता खोली दुरुस्त करायची सोय असते. छोटा माइक येतो. आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर ठेवायचा. मशीन प्रत्येक स्पीकरमधून आवाज काढून ऐकते आणि खोलीचा दोष सांगते. हाच घ्यायचा. आता हा चैनीचा प्रश्न राहिलेला नाही, मुलीच्या आयुष्याचा आहे.

मंजुश्रीला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं ते रत्नम्मांसारखं.

३० नोव्हेंबर, रविवार

रविकिरण दुकानातून एक रिसिव्हर दोन दिवसांच्या बोलीवर घेऊन आला. मनीप्लांट खाली उतरवला. इस्त्रीचे कपडे सोफ्यावर. दोन्ही स्पीकर सतरा वर्षांनी कामावर.

माइक माझ्या खुर्चीत, उशांवर, माझ्या कानाच्या उंचीवर. मी शेजारी उभा. मशीनने आवाज काढायला सुरुवात केली. आधी जाड, मग बारीक, मग म्हणे अजून बारीक. शेवटी शेवटी मंजुश्रीने दोन्ही कानांवर हात ठेवले, रविकिरणने दात चावले. माझ्या मते तोपर्यंत मशीन बंद पडली होती.

टीव्हीवर निकाल आला. डावा स्पीकर : दोष नाही. उजवा स्पीकर : दोष नाही. खोली : किरकोळ, दुरुस्त केली.

बातम्या लावल्या. निवेदिका पुटपुटत होती.

रविकिरण खुर्चीतल्या माइककडे बघत म्हणाला, दाजी, याला तर सगळं नीट ऐकू आलं. स्पीकर चांगले, हॉल चांगला. मग राहिलं काय?

मी म्हणालो, व्होल्टेज.

४ डिसेंबर

ऋतुजा सुट्टी टाकून आली. जेवली नीट नाही. शिवम तिच्याशी बोलतो, पण वडिलांच्या पुढे जाणार नाही म्हणतो. चांगला मुलगा आहे. चांगल्या मुलांचा हाच त्रास.

दुपारी गॅलरीत ती दोरीवरचे कपडे काढत होती, माझ्याकडे पाठ. म्हणाली, पप्पा, एकदा... दाखवाल का?

बरं वाटलं. पहिल्यांदा कोणीतरी आपणहून विचारलं. म्हणालो, दाखवतो की! मोबाईलवर तिन्ही रिसिव्हरचे फोटो दाखवले. चॅनेल, वॅट, मागच्या बाजूची भोकं. तिने तिन्ही नीट पाहिले. तिसऱ्याला विचारलं, हा केवढ्याला? मग हातातले कपडे माझ्या मांडीवर ठेवले आणि आत गेली.

मंजुश्री आतून ऐकत होती. तिने पूर्ण वाक्य सांगितलं.

"पप्पा, एकदा माझ्यासाठी कान दाखवाल का?"

गॅलरीत वारा फार असतो.

७ डिसेंबर, रविवार

मंजुश्रीच्या आग्रहावरून उदगीरला. हेतू : पलंग मागे घेणे.

दुकानाच्या वरच घर. संगमेशअप्पा अदबीने वागले, म्हणजे रागावलेले आहेत. चहा आला. मी ठरवून गेलो होतो की आज "हाव" म्हणायचं नाही. काही झालं तरी नाही. त्यामुळे अप्पा बोलले तेव्हा गंभीर चेहरा करून गप्प बसलो. पुन्हा बोलले. पुन्हा गप्प. मंजुश्रीने कोपर मारलं. अप्पांचा चेहरा बघून वाटलं, "हाव" परवडला असता.

तेवढ्यात रत्नम्मा कोपऱ्यातून म्हणाल्या, बीगरू, इकडं या. बीगरू म्हणजे व्याही. हे मला खरोखर माहीत होतं. गेलो.

त्यांनी पदरातून काडेपेटीएवढी डबी काढली. तीच काळी वायर. भजनं नव्हती. डबी माझ्या शर्टाच्या खिशात घातली, वायरचं टोक पदराला पुसलं, माझ्या कानात बसवलं आणि डबीवरचं चाक फिरवलं. मुलाला शाळेत सोडताना बटण लावावं तसं.

आधी पंखा. पंख्याला आवाज असतो.

मग खाली दुकानात कोणीतरी ताट ठेवलं. स्टीलचं ताट ठेवल्यावर बराच वेळ बारीक वाजत राहतं, थांबता थांबता थरथरतं. हे मी फळ्यावर दरवर्षी काढतो.

मग रत्नम्मांचा आवाज, मुलाला बोलत होत्या, माझ्याकडे न बघता, मुद्दाम मराठीत. सांग्या, ह्यो गर्व न्हाई रे. त्या दिवशी मी यांना इचारलं, निमग केळस्तदेन, तुम्हाला ऐकू येतं का? तर यांनी मला केळं दिलं. तवाच समजलं मला. तुला सांगणार व्हते, पर तू आधीच चपला घातल्या. बापासारखाच हायेस, ऐकायच्या आधी उठतोस. कान धड असून बी काय उपेग?

संगमेशअप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातल्या डबीकडे. मग त्यांना हसू आलं, आधी नाकातून, मग सगळंच. शिवमची आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

मंजुश्री पण हसली. ती हसली की शेवटी एक बारीक शीळ वाजते. लग्नाच्या वेळी वाजायची. मला वाटलं होतं वयाने गेली.

अप्पा म्हणाले, काय मग सर, पलंग क्यान्सल म्हणायचे का?

म्हणालो, दोन्ही.

निघताना डबी काढून द्यायला लागलो तर रत्नम्मा म्हणाल्या, राहू द्या. शिवमने त्यांना कानामागची नवीन आणून दिली आहे, ती कपाटात पडून होती. आता ती घालतील. तुमची येईस्तवर ही वापरा, म्हणाल्या.

माझी येण्याचा प्रश्न नाही. पण वाद घातला नाही.

१० डिसेंबर

तात्पुरत्या उपकरणाचं परीक्षण.

एक चॅनेल. आवाजाला चाक. रिमोट नाही, खोली दुरुस्ती नाही. पेन्सिल सेल एक. बेस शून्य. खिशाला घासलं की वादळ येतं. दिसायला पोस्टखात्यासारखं. फक्त टीव्हीसाठी वापरतो आहे.

टीव्हीचा आवाज अचानक सुधारलाय. आता चौदावर भागतं. केबलवाल्याने काहीतरी केलेलं दिसतं.

तो पिक्चर पुन्हा लावला. खुनी इन्स्पेक्टरच.

इतर नोंदी : फ्रिज गुणगुणतो. माझ्या उजव्या चपलेचा आवाज डावीपेक्षा वेगळा. मंजुश्री दिवसभर माझ्याशी बरंच बोलते. त्यातल्या पुष्कळ वाक्यांना उत्तर लागतं, हे माहीत नव्हतं.

१२ डिसेंबर

कॉलेजात घालणार नाही. मुलांसमोर फिजिक्सचा माणूस वायर लावून उभा, हे विषयाला शोभत नाही.

१५ डिसेंबर

घातलं.

कोणी हसलं नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने तोच हात वर केला, तेच बोट फळ्याकडे. ती म्हणाली, सर, तिथं दहाचा घात उणे बारा पाहिजे ना? ऐकू येणाऱ्या सगळ्यात हळू आवाजाचं मूल्य होतं.

बरोबर होतं तिचं. डॉप्लरचा संबंध नव्हता.

१७ डिसेंबर

ऋतुजा पुन्हा पुण्याहून आली, माझे कान दाखवायला. तपासणीची खोली उत्तम. चारी बाजूंनी फोम, जाड दार, नांदेडच्या डेमो रूमपेक्षा सरस. कानाला हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. आधी जाड आवाज आले, दाबत गेलो. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं मशीन बंद पडली. काचेपलीकडे ऋतुजा उभी होती. ती बटणाकडे बघत होती, माझ्या अंगठ्याकडे.

तपासणीवाल्या बाईंनी आलेख दाखवला. डावीकडून सरळ, मग उजवीकडे उतार, हत्तीबेटाच्या टेकडीसारखा. म्हणाल्या, सर, जाड आवाज येतात. बारीक गळाले. त, स, क, बायकांचे आवाज, लहान मुलांचे. माणूस बोलतो हे कळतं, काय बोलतो ते नाही. म्हणून समोरचा पुटपुटतो असं वाटतं.

मी विचारलं, व्होल्टेजमुळे नाही?

नाही, म्हणाल्या.

मग त्यांनी वाटाण्याएवढं काहीतरी हातावर ठेवलं, केसाएवढ्या वायरला लोंबणारं. म्हणाल्या, मशीन कानामागे राहते आणि हा रिसिव्हर आत कानात बसतो.

मी म्हणालो, परत सांगा.

रिसिव्हर, सर. याला रिसिव्हरच म्हणतात. दोन्ही कानांना एकेक.

ऋतुजा माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. यावेळी रडत नव्हती, कारण हसू ऐकू येत होतं.

विचारलं, खोलीप्रमाणे दुरुस्ती होते का यात? हो, म्हणाल्या, मोबाईलवरून. रंग ऋतुजाने निवडला, माझ्या केसांचा. म्हणजे पांढरा. मी काळ्याला बोट दाखवलं होतं.

१९ डिसेंबर

रविकिरणचा फोन. दाजी, शेवटी काय घेतलं?

रिसिव्हर.

अरे वा. किती चॅनेल?

दोन.

फक्त दोन? पाच पॉइंट एक घेणार व्हतात ना?

म्हणालो, माणसाला दोनच पुरतात. तो म्हणाला, वॅट किती? म्हणालो, वॅट विचारू नको. फोन स्पष्ट होता. रेंज सुधारली असावी.

दोन दिवसांच्या बोलीवरचा नांदेडचा रिसिव्हर एकोणीस दिवसांनी परत गेला. मनीप्लांट पुन्हा डाव्या स्पीकरवर, इस्त्रीचे कपडे उजव्यावर.

२१ डिसेंबर, रविवार

उदगीर. साखरपुड्याची तारीख काढायला. अप्पांनी बोलताना मधेच थांबून खात्री केली की मी काही कबूल तर करत नाही. तारीख जानेवारीतली ठरली. शिवम आणि ऋतुजा गच्चीवर होते. तिथलं ऐकू येत होतं, पण ऐकलं नाही. हे नवीन कौशल्य आहे, सराव लागेल.

निघायच्या आधी रत्नम्मांशेजारी जाऊन बसलो. जुनी डबी त्यांच्या हातात दिली. आत नवा सेल घातला होता, त्यांचा माझ्याकडे संपला म्हणून. त्यांनी झाकण उघडून सेल पाहिला, झाकण लावलं. मग माझ्या कानामागे पाहिलं. मग पदर वर ओढून तोंडावर धरला, ओठ दिसू नयेत इतका, आणि पुटपुटल्या :

निमग केळस्तदेन?

फळांचं ताट याही वेळी माझ्याच बाजूला होतं.

केळस्तद, अव्वा, म्हणालो. महिनाभर राहिलेलं उत्तर होतं.